मागच्याने पुढे राहायचं

दोन माणसं एकाच वेगाने चढत नाहीत. घराजवळच्या रस्त्यांवर हे लपून जातं. पुण्याहून पानशेतला जाऊन येताना किंवा वरंध घाट चढताना एकजण पंधरा मिनिटं पुढे गेला तर तो चहाच्या टपरीवर थांबतो, दुसरा येतो, दोन कटिंग होतात, विषय संपतो. पण सलग चार-पाच तासांचा चढ असेल, वाटेत एकही झाड नसेल, फोनला रेंज नसेल आणि दोघांत मिळून तंबू एकच असेल, तर त्या पंधरा मिनिटांचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं.

मी आणि माझा नवरा मनालीहून लेहला सायकलने गेलो. जुन्या रस्त्याने, म्हणजे रोहतांग चढून, हे अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर आहे. मोटारीने लोक दोन दिवसांत जातात. आम्हाला वीसच्या आसपास लागले, त्यातले काही का वाया गेले (खरं तर गेले नाहीत) ते पुढे येईलच. मनाली २०५० मीटरवर आहे. तिथून रोहतांग ३९७८, मग खाली केलाँग, पुन्हा वर बारालाचा ला जवळजवळ ४९००, मग नकी ला, लाचुलुंग ला आणि शेवटी तागलांग ला, ५३२८ मीटर. दारचा सोडलं की थेट लडाखमधल्या रुमत्सेपर्यंत बारमाही वस्तीचं गाव जवळपास नाहीच. मधे उन्हाळ्यापुरते उभे राहणारे तंबूंचे ढाबे, लष्कराचे तळ, बीआरओचे रस्त्यावर काम करणारे मजूर आणि ट्रक. ढाबेवाले ऑक्टोबरात तंबू गुंडाळून खाली उतरतात आणि मग तिथे बर्फाशिवाय कुणी नसतं.

परत आल्यावर ऑफिसातल्या बहुतेकांची प्रतिक्रिया एकच होती. नवरा-बायको, सायकल, हिमालय, किती रोमँटिक! आम्ही हसून मान डोलावायचो. पावणेपाचशे किलोमीटरमध्ये शेजारी शेजारी सायकल चालवत गप्पा मारल्या असं जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर झालं असेल. बाकीचा वेळ एक पाठ दिसत असते, किंवा तीही दिसत नाही.

आमच्यात चढावर मी पुढे असते. माझं वजन कमी आहे आणि मी दम राखून, एकाच लयीत, कंटाळवाण्या वेगाने तासन्‌तास पेडल मारू शकते. तो उतारावर आणि सपाटीवर माझ्यापेक्षा कितीतरी जोरात जातो. घरी ताकदवान कोण असं कुणी विचारलं तर सगळे त्याच्याकडे बोट दाखवतील, आणि ते खरंही आहे. मनालीहून मढीच्या चढावर पहिल्याच दिवशी ठरलं की मी पुढे जायचं आणि दर पाच किलोमीटरच्या दगडापाशी थांबायचं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण प्रत्यक्षात काय होतं, की पुढचा माणूस दगडापाशी पोचतो, पाणी पितो, जर्किन चढवतो, चिक्की खातो, पाय मोकळे करतो. दहा-बारा मिनिटांनी मागचा येतो. तोवर पुढचा गारठलेला असतो, निघायला उतावीळ असतो. मागच्याला वाटतं आपल्यामुळे खोळंबा नको, म्हणून तो दोन घोट पाणी पिऊन म्हणतो, "चल." म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी आहे त्याला ती भरपूर मिळते आणि ज्याला जास्त आहे त्याला मिळतच नाही. दिवसभरात असे सात-आठ थांबे झाले की संध्याकाळी एकजण टवटवीत आणि दुसरा गळून गेलेला. यात कुणाचाच स्वार्थ नसतो. दोघंही एकमेकांचा विचारच करत असतात.

दुसरी अडचण सामानाची. जोडप्याने जायचं म्हणजे ओझं वाटून घेता येतं, हा मोठा फायदा. तंबूचं कापड एकाकडे, दांड्या दुसऱ्याकडे. स्टोव्ह एकाकडे, इंधन दुसऱ्याकडे. पंक्चरचं सामान एका पिशवीत, पंप दुसऱ्या सायकलला. मी रोज सर्व्हर सांभाळायचं काम करते. एक मशीन बंद पडल्यावर सगळी सेवा बंद पडता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मनालीच्या हॉटेलच्या खोलीत फरशीवर सगळं मांडल्यावर लक्षात आलं की या वाटणीत आम्ही दोघं एकेकटे निरुपयोगी आहोत. वाटेत ताटातूट झाली, तर एकाकडे कापड असेल आणि दुसऱ्याकडे काठ्या. म्हणून पुन्हा भरलं. प्रत्येकाकडे स्वतःची स्लीपिंग बॅग, दिवसभराचं खाणं, दोन लिटर पाणी, एक ट्यूब, पंप, टॉर्च, औषधं आणि प्लॅस्टिकची जाड ताडपत्री. दीड-दोन किलो वजन वाढलं. पण आता कुणीही एकटा एक रात्र काढू शकत होता, आणि हे माहीत असल्यामुळे पुढच्याला मागे वळून बघताना पोटात गोळा येत नव्हता.

तिसरी गोष्ट उंची. ती सगळ्यांत अवघड, कारण ती दिसत नाही. वर हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो. खरं तर प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के. हवेचा दाबच कमी होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन कमी. सर्चूला, म्हणजे ४३०० मीटरच्या आसपास, समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के दाब उरतो. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे डाळ प्रेशर कुकरशिवाय शिजत नाही. आम्ही मेतकूट नेलं होतं, पण त्याखाली घालायचा भात अर्धाकच्चाच राहायचा. शरीर या सगळ्याशी जुळवून घेतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. ३००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम, असा डॉक्टरांचा साधारण सल्ला असतो. आणि एक गोष्ट आमच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितली होती. तंदुरुस्त माणसाला त्रास होत नाही, असं काही नाही. मॅरेथॉन धावणारा आडवा होतो आणि त्याच्यासोबत आलेले काका मजेत चहा पितात.

उंचीच्या त्रासाचं मोजमाप करायला लेक लुईस नावाची एक साधी पद्धत आहे. डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा, चक्कर, या चारही गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकं दुखत असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त असेल, तर तो उंचीचा आजार समजायचा. सहाच्या पुढे मध्यम, दहाच्या पुढे गंभीर. आम्ही मनालीत एका कागदावर पाच नियम लिहिले. रोज संध्याकाळी आणि सकाळी दोघांनी गुण सांगायचे. तीन झाले तर आणखी वर जायचं नाही. लागोपाठ दोनदा वाढले तर खाली उतरायचं. जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला बोट लावत चालताना तोल गेला, तर मध्यरात्र असली तरी उतरायचं. आणि उंचावर तंबू नेहमी एखाद्या ढाब्याच्या हाकेच्या अंतरावर लावायचा. खाली दोघांच्या सह्या. लिहिताना जरा पोरकटपणा वाटत होता.

कागद कशासाठी, तर तिथे वर आपल्या दोघांवर विश्वास ठेवता येणार नाही, हे आम्हाला दिसत होतं. आजारी माणसाचं डोकं नीट चालत नाही, हे एक. पण आजारी नसलेल्याचंही धड नसतं. त्याची सुट्टी खर्ची पडलेली असते, तो सहा महिने भल्या पहाटे उठून सिंहगड चढलेला असतो, त्याला पुढे जायचं असतं. आजारी माणसाला हे ठाऊक असतं, म्हणून तो म्हणतो, "मी बरा आहे." आणि दुसऱ्याला ते ऐकायचंच असतं, म्हणून त्याला ते पटतं. एखाद्या गटात चारजण असते तर तिसरा कुणीतरी म्हणाला असता, अरे बाबांनो, याचा चेहरा बघा. दोघांत तिसरा नसतो. कागद हा आमचा तिसरा.

रोहतांग, सिस्सू, केलाँग हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढे चंद्रभागा, म्हणजे चिनाब होते. दोन्ही नद्या बारालाचा ला परिसरातच उगम पावतात, खिंडीच्या वेगवेगळ्या अंगांनी निघतात आणि डोंगराला वळसा घालून इथे भेटतात. केलाँगहून सासूबाईंना फोनवर सांगितलं की आम्ही चंद्रभागेच्या काठी आहोत, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पंढरपूरला? मग सायकल हिमाचलात नेली होतीत ना?" तांदीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे. सायकलवाल्याला पेट्रोल नको असतं, तरी ती पाटी वाचून पोटात काहीतरी हलतं.

जिस्पाला दोन रात्री, मग दारचा, पटसियो, झिंगझिंगबार. सगळं नियमात. नाले सकाळी लवकर ओलांडायचे, कारण ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. झाडं दारचाच्या आसपासच संपली होती. बायकांसाठी याचा एक अर्थ असतो तो पुरुषांच्या प्रवासवर्णनात सापडत नाही. चहूबाजूंना मैलोगणती मोकळं रान आणि आडोसा एकही नाही. रस्त्याखालची पाण्याची मोरी दिसली की ती माझी. मोरी नसेल तिथे तो पोंचो पसरून पाठ करून उभा राहायचा आणि ट्रक आला की इमानेइतबारे ओरडायचा. त्या आठवड्यात माझी पाळी होती. वापरलेले पॅड जिथे कचरा गोळा करणारंच कुणी नाही तिथे टाकता येत नाहीत, म्हणून ते वेगळ्या पिशवीत बांधून मी लेहपर्यंत वाहिले. सायकलवरचं सगळ्यांत नाइलाजाचं वजन ते.

बारालाचा ला आम्ही दुपारी एकच्या सुमाराला ओलांडला. अलीकडे सूरज ताल, निळंशार, काठाला बर्फाची किनार. फोटोत आम्ही दोघंही हसतोय. संध्याकाळी सर्चू.

सर्चूबद्दल एक गोष्ट नकाशावर उंचीची रेघ बघितल्याशिवाय कळत नाही. ते एका खोलगट पठारावर आहे. मागे बारालाचा, पुढे गाटा लूप्सचा चढ, नकी ला आणि लाचुलुंग ला. उंचीचा त्रास झाला की खाली उतरा, हा एकमेव खरा इलाज. पण सर्चूहून दोन्ही दिशांना खाली जायची वाट आधी वर जाते. परत फिरायचं तर ४९०० मीटरची खिंड पुन्हा चढायची, मग उतार. म्हणूनच कागदावर एका ओळीत लिहिलं होतं: सर्चूहून खाली म्हणजे गाडीने, मागे, जिस्पापर्यंत. सायकलवर नाही.

रात्री नऊला त्याचे गुण तीन होते. डोकं थोडं, भूक नाही, थकवा. माझं डोकं ठणकत होतं पण बाकी काही नव्हतं, मी एक. अकराला तो चार. बाहेर वारा तंबूला चापट्या मारल्यासारखा आपटत होता. मी तंबूच्या खुंटीने धुळीत रेघ ओढली आणि हेडलॅम्पच्या उजेडात तो तिच्यावरून टाचेला बोट लावत चालला. अगदी सरळ. आम्ही दोघांनीही सुस्कारा टाकला. दोन वाजता त्याला उलटी झाली. डोकं दोन, पोट दोन, थकवा एक, चक्कर एक. सहा. पुन्हा रेघ, पुन्हा सरळ.

"बघ, सरळ चाललो ना," तो म्हणाला. "सकाळपर्यंत उतरेल. गोळी घेतो. उद्या इथेच थांबू हवं तर."

त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती. पुष्कळांना एक दिवस थांबून बरं वाटतं. मला तर ते फारच पटत होतं. आपण रात्री दोन वाजता दोन पर्यायांची तुलना करत नसतो. आपण थंडीत कुडकुडत असतो आणि ज्यात आत्ता काही करावं लागणार नाही तो पर्याय शोधत असतो. मी बॅगेतून कागद काढला. लागोपाठ दोनदा वाढले तर खाली. त्याने वाचलं, मला परत दिलं आणि थोड्या वेळाने म्हणाला, "माझीच सही आहे."

रेघ सरळ होती म्हणून उजाडेपर्यंत थांबलो. मी झोपले नाही. दर अर्ध्या तासाला त्याला त्याच्या ऑफिसचा पिनकोड विचारत होते. चारनंतर ढाब्यात दिवा लागला. ढाब्याच्या मालकीणबाई गॅस पेटवत होत्या. त्या दिवसापर्यंत रस्त्यात प्रत्येक ढाब्यावर, प्रत्येक तपासणी नाक्यावर प्रश्न त्याला विचारले जायचे. कुठून आलात, किती किलोमीटर, मॅडमना जमतं का. मी शेजारी उभी असायचे. त्या पहाटे बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "नीचे जाना है?" मी हो म्हटलं. त्यांनी काहीही विचारलं नाही, बाहेर उभ्या ट्रकवाल्याला उठवलं. लेहहून मनालीला परत चाललेला रिकामा ट्रक. सायकली मागे दोरीने बांधल्या, त्याला पुढे खिडकीपाशी बसवलं. बाईंनी चहाचे पैसे घेतले, ट्रक मिळवून दिल्याचे घेतले नाहीत.

बारालाचावर उजाडत होतं. तो खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. आदल्या दिवशी ज्या चढासाठी आम्ही पाच तास घालवले होते तो ट्रकने उलट्या बाजूने गडगडत उतरला. झिंगझिंगबार, पटसियो, आपली प्रत्येक थांबायची जागा मागे पडताना दिसत होती आणि मला रडू येत होतं. त्याची काळजी होती म्हणून, आणि ते सगळे किलोमीटर होते म्हणूनसुद्धा. दोन्ही खरं होतं. जिस्पाला उतरलो तेव्हा तो चार होता. दुपारी दोन. संध्याकाळी त्याने दोन प्लेट राजमा-चावल खाल्ला.

दुसऱ्या दिवशी केलाँगला डॉक्टरांनी तपासलं, फुप्फुसं स्वच्छ होती. दोन-तीन दिवस खाली राहा, एकही लक्षण उरलं नाही तर डायमॉक्स घेत हळूहळू वर जाऊन बघा, पुन्हा त्रास झाला तर लेह विसरा, असं त्यांनी सांगितलं. आणि मग जिस्पातल्या त्या दिवसांत खरा प्रश्न आला. भागा नदीच्या काठी दगडांवर कपडे वाळत घातले होते. तो म्हणाला, "तू जा पुढे. तुझं शरीर साथ देतंय. मी बसने मनालीला जातो." तो मनापासून म्हणत होता, आणि ते मला दिसत असल्यामुळेच उत्तर देणं अवघड होतं. माझी आई फोनवर म्हणाली, त्याला एकटं सोडून जाऊ नकोस हं. सासूबाई म्हणाल्या, दोघंही परत या, त्या लेहमध्ये काय ठेवलंय.

मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलवर जगाची फेरी मारायला निघाले होते. १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले ते तिघे: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. बाकीचे वाटेत गळाले. मला ही गोष्ट पहिल्यापासून माहीत होती, पण जिस्पात ती वेगळी आठवली. सहांतले तीन गेले तरी मोहीम उरते. दोघांतला एक गेला की मोहीम उरत नाही. उरतो तो एका माणसाचा प्रवास, जो कदाचित चांगलाही असेल, पण आम्ही निघालो होतो तो हा नव्हता. मी त्याला एवढंच म्हटलं की मला एकटीने लेहला जायचंच असेल तर मी पुढच्या वर्षी जाईन. आत्ता आपण दोघं पुन्हा प्रयत्न करू, आणि कागद म्हणाला तर दोघंही परत जाऊ. दिवस मोजले. आम्ही सुट्टीत चार दिवस राखीव ठेवले होते, ते तीन इथेच संपणार होते.

चौथ्या सकाळी निघालो आणि एक गोष्ट बदलली. मागच्याने पुढे राहायचं. चढावर तो पुढे, मी मागे. थांबायचं कधी ते त्याने ठरवायचं, निघायचं कधी तेही त्याने. मी त्याच्या मागे दहा-पंधरा मीटरवर, काही बोलायचं नाही. पहिला तासभर माझे पाय शिवशिवत होते. इतक्या हळू पेडल मारताना सायकलचा तोल सांभाळणंच कष्टाचं होतं. पण मागून मला त्याची पाठ दिसत होती, आणि पाठ खोटं बोलत नाही. खांदे कधी पडतात, सायकल कधी नागमोडी जायला लागते, बाटलीकडे हात किती वेळाने जातो, हे सगळं मला दिसत होतं. पूर्वी मी पुढच्या दगडापाशी बसून त्याला फक्त पोचताना बघायचे, आणि पोचताना माणूस नेहमी हसतो.

त्यालाही हे सोपं नव्हतं. आपला वेग हा दोघांचा वेग आहे, हे ओझं पुढच्यावर येतं. पण थोड्या वेळाने तो थांबायचं कारण सांगेनासा झाला. आधी प्रत्येक थांब्याला कारण असायचं. चेन आवाज करतेय, फोटो काढतो. आता तो नुसता थांबायचा. झिंगझिंगबारला या वेळी दोन रात्री काढल्या. बारालाचा दुसऱ्यांदा चढलो तेव्हा फोटो काढायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. सर्चूला त्याच ढाब्याशेजारी तंबू लावला. रात्री तो एक, सकाळी शून्य. मालकीणबाईंनी ओळखलं आणि या वेळी ऑम्लेट कुणाला किती मिरचीचं हवं ते दोघांनाही विचारलं.

सर्चूच्या पुढे गाटा लूप्स आहेत, डोंगरावर एकावर एक रचलेली २१ वळणं. त्यांतल्या एका वळणावर दगडांचं छोटंसं ठाणं आहे आणि आजूबाजूला पाण्याच्या बाटल्यांचा खच. त्याची एक गोष्ट ट्रकवाले सांगतात. हिवाळ्यात रस्ता बंद होण्याआधी एक ट्रक इथे बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला चालत निघाला, क्लीनर आजारी होता म्हणून ट्रकपाशी थांबला. बर्फ सुरू झाला. ड्रायव्हर मदत घेऊन परत येईपर्यंत क्लीनर थंडीने आणि तहानेने गेला होता. त्याचा आत्मा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो, म्हणून लोक बाटल्या ठेवतात. मला भुताखेतांचं काही नाही. पण तिथे उभं राहून ती गोष्ट ऐकण्याआधी आम्ही नुकतेच तिच्यातून बाहेर आलो होतो. एक आजारी, एक धडधाकट, एक यंत्र, आणि प्रश्न की जायचं कुणी आणि थांबायचं कुणी. सगळे क्लीनरबद्दल बोलतात. मी त्या ड्रायव्हरचा विचार करत होते, ज्याने त्या परिस्थितीत योग्य तेच केलं होतं आणि तरीही तो उशिराच पोचला. आम्ही बाटलीतलं पाणी दगडांवर ओतलं, रिकामी बाटली परत घेतली, आणि उरलेली वळणं मोजत चढलो.

पुढचं सगळं सोपं नव्हतं. पांगच्या आसपास रस्ता म्हणजे पिठासारखी धूळ होती. मोरे प्लेन्सवर, ४७०० मीटरच्या त्या चाळीसेक किलोमीटरच्या पठारावर, दुपारी असा समोरचा वारा लागला की सपाटीवर आम्ही ताशी सात किलोमीटरने चाललो होतो. तिथे मात्र त्याची ताकद कामी आली. तो पुढे, मी त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून, वाऱ्याच्या सावलीत. लांब कुठेतरी कियांग, म्हणजे जंगली गाढवांचा कळप उभा राहून आमच्याकडे बघत होता. तागलांग ला चढताना शेवटचे दोन किलोमीटर आम्ही सायकली ढकलत गेलो. शंभर पावलं, थांबा, शंभर पावलं, थांबा. मोजायचं काम त्याचं. वर थांबलो ते पाच-सात मिनिटंच, कारण तिथे हवेचा दाब जेमतेम निम्म्याच्या थोडा वर असतो आणि कागदावर रेंगाळायची परवानगी नव्हती. रुमत्सेला जवाची शेतं दिसली. कित्येक दिवसांनी हिरवं काहीतरी. तिथे तो उताराने माझ्या बराच आधी पोचला आणि रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून शेताकडे बघत बसला होता. मी पोचल्यावर तो उठला नाही. मीही बसले. माझी विश्रांती पूर्ण होईपर्यंत कुणीच "चल" म्हणालं नाही.

आता कधीकधी एखादं जोडपं आम्हाला विचारतं, कोणती सायकल घेऊ, कोणते टायर, कोणता तंबू. ते सगळं आम्ही सांगतो. पण त्याआधी दोन गोष्टी सांगतो. एक, प्रत्येकाच्या सायकलवर एक रात्र एकट्याने काढता येईल एवढं सामान असू द्या. दुसरी, परत कधी फिरायचं ते खाली, जेवण झालेलं असताना, भांडण नसताना लिहून ठेवा. बहुतेकांना दुसरी गोष्ट जरा अशुभ वाटते. निघायच्या आधीच परतायचं कशाला बोलायचं? लग्नाआधी आमच्याही घरी अशा काही विषयांवर बोलू दिलं नव्हतं.

पुणे ५६० मीटरवर आहे. इथे लेक लुईसची गरज पडत नाही. पण ती सवय उरली आहे. रिलीजच्या आठवड्यात रात्री अकराला लॅपटॉप मिटला की तो स्वयंपाकघरातून विचारतो, "किती?" मी "चार" म्हटलं की तो भाताला पाणी घालतो आणि मेतकुटाचा डबा काढतो. इथे भात नीट शिजतो.